गुरू सोडताना

गदगच्या जोशी मास्तरांचा ११ वर्षांचा मुलगा १९३३ साली गाणं शिकायचं म्हणून घरातून निघून गेला. ग्वाल्हेर, कोलकाता, दिल्ली असा जिथे कोणी शिकवील तिथे तो हिंडला आणि जालंधरला पोचला. तिथे मंगतराम नावाच्या एका अंध गवयाकडे तो शिकत होता. जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनाला पंडित विनायकराव पटवर्धन आले, तेव्हा या मुलाची आणि त्यांची गाठ पडली. इतक्या लांब वणवण कशाला करतोस, तुझ्या घराजवळ कुंदगोळला सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा, असं विनायकरावांनी त्याला सांगितलं. मुलगा परत फिरला आणि कुंदगोळला गेला. तोडी, मुलतानी आणि पूरिया या तीन रागांवर तिथे त्याचा गळा कसा घडला, ते भीमसेन जोशींनी पुढे अनेकदा सांगितलं आहे.

हा प्रसंग आपण भीमसेनजींच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. मला मात्र तो वाचताना दर वेळी विनायकराव दिसतात. त्यांनी नुकतंच, १९३२ साली, पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं होतं. नव्या संस्थेला विद्यार्थी हवेच असतात, आणि समोर उभा होता गाण्यासाठी घर सोडलेला मुलगा. ‘माझ्याकडे ये’ म्हणायला त्यांना कोणाची आडकाठी नव्हती. सवाई गंधर्व किराणा घराण्याचे, विनायकराव ग्वाल्हेरचे. म्हणजे घराण्याचाही आग्रह धरता आला असता. त्यांनी मुलाचं हित पाहिलं आणि त्याला दुसऱ्याच्या दारात पाठवलं.

आज गाण्याच्या क्लासांमध्ये असं किती वेळा घडतं, हा प्रश्न घेऊन मी पुणे, ठाणे, डोंबिवली, कोल्हापूर आणि मडगाव इथल्या गाण्याच्या आणि तबल्याच्या शिक्षकांशी बोलले. त्यांच्याकडे शिकणाऱ्या आणि त्यांना सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांशी बोलले, पालकांशी बोलले. जवळजवळ प्रत्येकाने आधी एकच अट घातली, की नाव छापायचं नाही. मी काही लाचलुचपतीची चौकशी करत नव्हते. कोणाकडे शिकता, आधी कोणाकडे शिकत होता आणि तिथून कसे निघालात, एवढंच विचारत होते. तेवढ्यासाठी प्रौढ, नोकरी करणारी, विशारद झालेली माणसं आवाज खाली आणून बोलत होती.

क्लास सोडण्याची रीत सगळीकडे सारखीच आहे. आधी गैरहजेरी वाढते. मग दहावीचं वर्ष, ट्यूशनची वेळ, आजीचं आजारपण अशी कारणं येतात. एक तारखेला फी येत नाही. तिच्याऐवजी व्हॉट्सॲपवर निरोप येतो, खाली हात जोडलेलं चिन्ह. काही महिन्यांनी फेसबुकवर दुसऱ्या सरांच्या गुरुपौर्णिमेचे फोटो दिसतात आणि त्यांत पहिल्या रांगेत तोच चेहरा असतो. मधल्या काळात कोणी कोणाशी खरं बोललेलं नसतं.

डोंबिवलीच्या एका ज्येष्ठ शिक्षिकेने मला हे सांगताना रागापेक्षा दुःखच जास्त बोलून दाखवलं. सात-आठ वर्षांच्या मुलीचा बेसूर आवाज स्वरावर आणायला त्यांनी चार-पाच वर्षं घातली होती. सा लावायला शिकवणं हे गाण्यातलं सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात कमी नावाजलं जाणारं काम. मुलगी सुरेल झाली, मध्यमा पूर्ण झाली, एका स्पर्धेत पहिली आली, आणि मग तिच्या आईवडिलांना ‘मोठं नाव’ असलेला गुरू हवासा वाटला. टीव्हीवरच्या स्पर्धेत निवड झाली तेव्हा ओळख करून देताना एकाच गुरूचं नाव घेतलं गेलं, आणि ते या बाईंचं नव्हतं. मुलगी गेली याचं त्यांना फार वाटलं नाही. त्यांनाच विचारलं असतं तर त्यांनी स्वतःच दोन चांगली नावं सुचवली असती, असं त्या म्हणाल्या. आपलं नाव पुसलं गेलं, हे मात्र त्यांना लागलं होतं.

ही बाजू आधी सांगायला हवी, कारण खासगी शिक्षकाच्या मागे दुसरं काहीच नसतं. त्याला पगार नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, मे महिन्याच्या सुट्टीत फी नाही. महिन्याला आठ तास ठरलेले असतात. पाहुणे आले म्हणून विद्यार्थी दोन बुडवतो आणि ते भरून देण्याची अपेक्षा मात्र ठेवतो. शिक्षक आजारी पडला तर पैसे कापून दिले जातात. काही घरांत तर फीचं पाकीट गणपतीच्या वर्गणीइतक्या अनिच्छेनेच पुढे होतं. मार्गी लागलेला एक विद्यार्थी गेला की त्याच्यामागे त्याच्या सोसायटीतले तीन-चार जातात. पुढे एखादा जुना विद्यार्थी दोन गल्ल्या सोडून स्वतःचा क्लास काढतो आणि बाईंच्याच बॅचमधल्या मुलांना फोन करतो. याला आपल्याकडे ‘क्लास फोडणं’ म्हणतात, आणि ते आहेही तसंच.

एवढं मान्य करूनही माझं म्हणणं वेगळं आहे. निष्ठा हा शब्द आपण विद्यार्थ्याच्या गळ्यात बांधला आणि गुरूच्या बाजूची कर्तव्यं कधी उच्चारलीच नाहीत. विद्यार्थ्याने काय करू नये याची यादी प्रत्येक क्लासमध्ये तोंडपाठ असते: दुसऱ्याकडे जाऊ नये, दुसऱ्याची शिबिरं करू नयेत, विचारल्याशिवाय कार्यक्रम घेऊ नये, अमुक घराण्याचं जास्त ऐकू नये. ठाण्यातल्या एका विद्यार्थ्याने दुसऱ्या घराण्याच्या गायिकेची दोन दिवसांची कार्यशाळा केली, तर पुढचे दोन महिने त्याला नवा राग मिळाला नाही. कारण कोणी सांगितलं नाही. त्याने ते ओळखायचं होतं. असं वागणारे सगळे शिक्षक मत्सरी असतात असं मुळीच नाही. अनेकांना मनापासून वाटतं, की दोन गळ्यांचे संस्कार एकदम झाले तर विद्यार्थी कुठलाच होत नाही. पहिल्या काही वर्षांपुरतं ते खरंही आहे: ज्याचा आवाज अजून बसलेला नाही, त्याला एक आकार लावायला सांगितला आणि दुसऱ्याने तो मोडला, तर मुलाचं नुकसान होतं. पण हे कारण शिकवण्यातलं आहे. ते विद्यार्थ्याला समजावून सांगता येतं आणि त्याला मुदतही घालता येते. त्याला पापपुण्याचा रंग दिला की ते शिकवणं उरत नाही.

आणि परंपरा म्हणाल, तर ती एकगुरूची कधी होती?

भास्करबुवा बखले यांना महाराष्ट्र देवगंधर्व म्हणाला. ते ग्वाल्हेर परंपरेच्या फैज महंमद खाँ यांच्याकडे शिकले, आग्रा घराण्याच्या नत्थन खाँ यांच्याकडे शिकले, आणि स्वतःचं नाव झाल्यावर, लोक त्यांच्याकडे शिकायला येऊ लागल्यावर, जयपूरच्या अल्लादिया खाँसाहेबांचे शिष्य झाले. तीन घराणी त्यांच्या एका गळ्यात नांदली आणि त्यांच्यामुळेच मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्व घडले. वसंतराव देशपांडे नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले, लाहोरला जाऊन असद अली खाँ यांच्याकडून मारवा घेतला, पुढे सुरेशबाबू माने आणि आणखी कितीजणांकडून घेत राहिले. जितेंद्र अभिषेकींना जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ आणि गुलूभाई जसदनवाला हे तिघेही लाभले. कुमार गंधर्व मुंबईत ऑपेरा हाउसजवळच्या प्रोफेसर बी. आर. देवधर यांच्या शाळेत वाढले, आणि त्या शाळेचं वैशिष्ट्यच हे होतं की तिथे कोणत्याही घराण्याच्या उस्तादाला दार उघडं असे. देवधर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, पण त्यांनी पाश्चात्त्य संगीतही शिकून घेतलं होतं. आपल्या विद्यार्थ्याने अंजनीबाई मालपेकरांकडे जाऊन शिकावं यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

यांतल्या कोणालाही आपण निष्ठाहीन म्हणत नाही. ते मोठे झाल्यावर त्यांची भटकंती साधना ठरली. मोठं व्हायच्या आधी तीच भटकंती गद्दारी ठरते, ही आपली सवय मला अन्यायाची वाटते.

जुन्या काळाविषयी बोलताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. तेव्हा अटी स्पष्ट असत. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, अब्दुल करीम खाँसाहेबांकडे गेले तेव्हा किमान आठ वर्षं शिकायचं अशी बोली झाली होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. शिक्षक घडवण्यासाठी त्यांनी जो उपदेशक वर्ग चालवला, त्यातल्या मुलांनी काही वर्षं संस्थेतच राहण्याचं लिहून द्यायचं असे. त्या बदल्यात त्यांना राहणं, जेवण आणि शिक्षण मोफत होतं. संस्थेने मुलावर खर्च करायचा आणि मुलाने पुढे संगीताचा प्रचार करायचा. या बोलीतून माणसं बाहेरही पडली: रामभाऊ गुरूच्या मनाविरुद्ध नाटक कंपनीत गेले, विनायकराव पटवर्धनही काही वर्षं गंधर्व नाटक मंडळीत होते. गुरूंना वाईट वाटलं असणारच. पण काय मोडलं, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं, कारण काय ठरलं होतं तेही ठाऊक होतं.

आजच्या क्लासमध्ये बाजार आणि गुरुकुल या दोन्हीकडचं भारी तेवढं उचललं आहे. फी दरमहा, आगाऊ, बाजारभावाने, ती असावीच. पण निष्ठा मात्र गुरुकुलातल्यासारखी, जन्मभराची. गुरुकुलात गुरू शिष्याला खाऊ घालत होता. ती जबाबदारी गेली आणि तिच्या बदल्यातली मागणी तशीच राहिली.

०

निष्ठेच्या अटींनी काय होऊ शकतं याची आपल्याकडची सगळ्यात बोलकी हकिगत तीन माणसांची आहे, आणि ती तिन्ही माणसं थोर होती.

मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १९०४ चा, दक्षिण गोव्यातल्या कुर्डी गावचा. आज हे गाव साळावली धरणाच्या पोटात आहे आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचे अवशेष वर येतात. आई लवकर गेली. पोरवयात नाटक कंपन्यांमध्ये कामं करून मोगूबाई सांगलीला आल्या. त्या वेळी अल्लादिया खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीत राहत होते. जाता-येता या मुलीचा रियाज त्यांच्या कानांवर पडला आणि त्यांनी आपण होऊन शिकवायला सुरुवात केली. शिकवणारा माणूस कोण आहे, हेही तिला आधी ठाऊक नव्हतं. नजराणा नाही, गंडा नाही, अट नाही.

खाँसाहेब मुंबईला गेले. मोगूबाईही मागोमाग मुंबईला आल्या. पण तिथे केसरबाई केरकर होत्या. १९२१ पासून खाँसाहेब त्यांना तालीम देत होते, आणि ती तालीम मोठा नजराणा, दरमहाचा पगार आणि पुष्कळ वर्षांचं बंधन अशा बोलीवर ठरली होती. खाँसाहेबांनी बाकी कोणाला शिकवू नये हाही आग्रह त्यात होता. मोगूबाईंची तालीम थांबली. खाँसाहेबांनी तोडगा काढला: आपले बंधू हैदर खाँ यांना त्यांच्याकडे शिकवायला पाठवलं. काही वर्षांनी तेही बंद पडलं. मोगूबाई मग आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँ यांच्या शागीर्द झाल्या. शेवटी १९३४ साली अल्लादिया खाँसाहेबांनी स्वतः गंडा बांधून त्यांना रीतसर शिष्या केलं. सांगलीत ऐकलेल्या आवाजाला स्वतःचा गुरू हक्काने मिळायला दहा-बारा वर्षं गेली.

ही हकिगत सांगताना केसरबाईंना खलनायिका करण्याचा मोह पुष्कळांना होतो. मी तसं करणार नाही. केसरबाई लहानपणी कोल्हापूरला अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या, ते काही महिनेच. मग वझेबुवांकडे, तेही अधूनमधून, बुवा गोव्यात आले की. मग मुंबईत भास्करबुवांकडे. तीही तालीम मध्येच संपली. प्रत्येक वेळी तालीम अर्धवट राहिली होती. कलावंत समाजातल्या त्या काळच्या बाईला विद्या टिकवून ठेवायची तर तिच्या हातात पैशाखेरीज दुसरं काय होतं? चौथ्यांदा तिने पक्का करार केला, एवढाच त्याचा अर्थ मी लावते. एकाधिकाराची मागणी बहुतेक वेळा असुरक्षिततेतून येते. शिक्षकाचीही तशीच येते. मला भेटलेल्या शिक्षकांमध्ये विद्यार्थ्यांना सगळ्यात घट्ट धरून ठेवणारे तेच होते, ज्यांच्याकडे विद्यार्थी सगळ्यात कमी होते.

या हकिगतीचा पुढचा भाग मात्र क्वचित सांगितला जातो. मोगूबाई गुरू झाल्या. त्यांच्या हाताखाली त्यांची लेक किशोरी शिकली. ज्या बाईला दुसऱ्याच्या अटीपायी गुरूचं दार बंद झालं होतं, तिने आपल्या सर्वोत्तम शिष्येला स्वतःपुरतं अडवून ठेवलं असतं तर कोणी दोष दिला नसता. तिने उलट केलं. किशोरीताई आग्रा घराण्याच्या अन्वर हुसेन खाँ यांच्याकडे शिकल्या, भेंडीबाजारच्या अंजनीबाई मालपेकरांकडे शिकल्या, ग्वाल्हेरच्या शरच्चंद्र आरोलकरांकडे आणि गोव्याच्या बाळकृष्णबुवा पर्वतकरांकडेही शिकल्या. किशोरी आमोणकरांनी पुढे जयपूरच्या गायकीला जे वळण दिलं, ते या मोकळीकीशिवाय शक्य झालं नसतं असं मला वाटतं. तशी ती गायकी बदलली म्हणून टीका करणारेही होते, आणि आईचा दम तर शेवटपर्यंत होता. पण दार उघडं होतं.

केसरबाईंनी आयुष्यभरात खऱ्या अर्थाने एकच शिष्या घडवली: धोंडूताई कुलकर्णी. धोंडूताई त्याआधी अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र भुर्जी खाँ यांच्याकडे शिकल्या होत्या. त्यांनी ते गाणं मुंबईच्या छोट्या खोल्यांत किती निगुतीने सांभाळलं, हे नमिता देवीदयाल यांच्या ‘द म्युझिक रूम’ या पुस्तकामुळे बाहेरच्यांना कळलं.

०

आता आजच्या क्लासमधल्या काही गोष्टी, ज्यांच्याविषयी आधी बोलणं झालेलं नसतं आणि म्हणून नंतर भांडण होतं.

पहिली तंबोऱ्याची. गुरूच्या मैफिलीत मागे तंबोऱ्यावर बसणं हे शिक्षणच असतं. दोन तास त्या जागी बसून जे कानात जातं ते वर्गात मिळत नाही. पण सोलापूरच्या मैफिलीसाठी विद्यार्थ्याने रजा टाकायची, तिकीट स्वतः काढायचं, आयोजकांकडून तंबोऱ्याच्या साथीचं मानधन आलं असेल तर त्याविषयी विचारायचंही नाही, हे वर्षानुवर्षं चालतं. तसंच गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचं. सभागृहाचं भाडं, तबलजी, पेटीवाले, शाल-श्रीफळ यांचा खर्च विद्यार्थ्यांत वाटला जातो आणि ज्याला झेपत नाही तो त्या महिन्यात ‘आजारी’ पडतो. रक्कम आधी, लेखी आणि ऐच्छिक असेल तर हे सगळं टळतं. कोल्हापूरच्या एका तबलाशिक्षकांनी वर्गणी बंद करून कार्यक्रम स्वतःच्या वरच्या मजल्यावर घ्यायला सुरुवात केली, तेव्हा मुलं वाढली.

दुसरी रेकॉर्डिंगची. अल्लादिया खाँसाहेबांचं एकही ध्वनिमुद्रण नाही. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनमध्ये तालमीचे शेकडो तास आहेत. क्लास सुटला तरी ते त्याच्याकडे राहतात. शिक्षकाने वर्गात सर्दीच्या आवाजात सांगितलेला राग यूट्यूबवर चढला, तर तो दुखावणारच. इथे विद्यार्थ्याची जबाबदारी मला निःसंशय वाटते: शिकण्यासाठी दिलेलं मुद्रण शिकण्यासाठीच. बंदिशींचंही तेच. पंडित भातखंड्यांनी उस्तादांकडून मिळवलेल्या चिजा क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापून सगळ्यांना खुल्या केल्या. ते उपकार कधी फिटणार नाहीत, आणि जुन्या चिजांवर आज कोणी मालकी सांगू नये. पण नव्या बंदिशीचा कर्ता असतो. जगन्नाथबुवांनी आपल्या बंदिशींत ‘गुणिदास’ ही मुद्रा घातली ती उगीच नाही. शिक्षकाने केलेली बंदिश ही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्याची कृती आहे. ती मंचावर गाताना त्याचं नाव घेणं ही कायद्याच्याही आधीची गोष्ट आहे, मग तो शिक्षक आज आपला गुरू असो वा नसो.

तिसरी परीक्षांची. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार या परीक्षा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहेत. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून पालकांची घाई वाढली. मूल तयार नसताना फॉर्म भरायचा, की तयार होईपर्यंत थांबवून पालकांचा रोष घ्यायचा, ही शिक्षकाच्या सचोटीची परीक्षा दरवर्षी दोनदा होते. थांबवणारे शिक्षक विद्यार्थी गमावतात. मडगावच्या एका शिक्षिकेने असे तीन विद्यार्थी एका वर्षात गमावले आणि पुढच्या वर्षीही तेच केलं. माझ्या दृष्टीने व्यावसायिक नीतिमत्ता ही इथे दिसते, आणि तिची दखल कोणी घेत नाही.

०

निष्ठेच्या या कोंडीचं सगळ्यात भयंकर रूप लिहिल्याशिवाय हा लेख पुढे नेता येणार नाही. २०१८ साली अनेक स्त्रियांनी कर्नाटक संगीतातल्या गुरूंविरुद्ध आणि कलाकारांविरुद्ध लैंगिक छळाच्या तक्रारी उघडपणे मांडल्या, आणि चेन्नईच्या म्युझिक अकादमीने त्या वर्षीच्या डिसेंबरच्या महोत्सवातून सात कलाकारांना वगळलं. २०२० साली भोपाळच्या ध्रुपद संस्थानातल्या विद्यार्थिनींनी तिथल्या गुरूंवर तसेच आरोप केले, तेव्हा ध्रुपद शिकणारं सगळं जग हादरलं. हिंदुस्थानी संगीतात याविषयी त्यानंतर जेवढं बोललं जायला हवं होतं तेवढं बोललं गेलेलं नाही.

बंद खोली, एकास एक शिकवणी, गुरूच्या पायांवर डोकं ठेवायची सवय, आणि गुरूविरुद्ध बोललं तर या क्षेत्रात कोणी उभं करणार नाही ही खात्री. यांत गुरू भला असेल तर विद्यार्थी सुखरूप राहतो. त्याचं संरक्षण दुसरं कोणीच करत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नेमायला लावतो. घराच्या दिवाणखान्यातल्या क्लासला अशी समिती नसते. मूल १८ वर्षांखालचं असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो, आणि असा गुन्हा माहीत असलेल्या प्रत्येकावर तो पोलिसांना कळवण्याची जबाबदारी आहे. म्हणजे ‘सरांचा स्वभाव तसा आहे, पण विद्या मोठी आहे’ असं म्हणून गप्प बसलेले मोठे विद्यार्थीही कायद्याने बांधलेले आहेत. मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी दोघी अशा क्लासमधून बाहेर पडल्या होत्या. दोघींनीही जाताना खोटं कारण दिलं होतं, आणि दोघींनाही नंतर सहविद्यार्थ्यांकडून कृतघ्न हा शब्द ऐकावा लागला. तो शब्द त्या सहविद्यार्थ्यांनी परत घ्यायला हवा.

क्लासचं दार उघडं ठेवणं, लहान मुलाच्या तालमीला पालकाला बसू देणं, स्पर्श करण्याआधी विचारणं, रात्री उशिराचे खासगी संदेश टाळणं, या गोष्टींना पैसे लागत नाहीत. अनेक शिक्षिका आणि शिक्षक हे कोणी न सांगता पाळतात. मग ते भिंतीवर लिहून का लावू नये?

सरकारकडून फार अपेक्षा करता येत नाही. महाराष्ट्रात गाणं शिकवायला कुठलीही नोंदणी लागत नाही. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याची उरलेली फी परत करण्याची तरतूद त्यांत आहे. पण त्या सूचना पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या केंद्रांसाठी आहेत, आणि नृत्य, नाट्य व इतर सर्जनशील कलांची शिकवणी त्यांतून सरळ वगळली आहे. प्रत्येक कलेच्या क्लासवर निरीक्षक नेमावा असं मलाही वाटत नाही. हे काम संगीतातल्याच माणसांनी करायचं आहे.

अमेरिकेत ‘म्युझिक टीचर्स नॅशनल असोसिएशन’ ही संगीतशिक्षकांची संघटना १८७६ पासून आहे. दुसऱ्या शिक्षकाचे विद्यार्थी आपण होऊन ओढू नयेत, असं कलम तिच्या आचारसंहितेत आहे. विद्यार्थी स्वतःहून आला तर त्याला मनाई नाही. शिक्षकाने जाळं टाकू नये, एवढंच. ब्रिटनमध्ये १८८२ साली स्थापन झालेली ‘इंडिपेंडंट सोसायटी ऑफ म्युझिशियन्स’ खासगी शिक्षकांसाठी कराराचे नमुने देते, ज्यांत क्लास सोडण्यापूर्वी किती दिवस आधी कळवायचं तेही ठरवता येतं. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी आईने मला या दोन जगांतला फरक सांगितला. तिचा मुलगा पियानो शिकायला जातो, तिथे पहिल्याच दिवशी छापील कागदावर सही झाली: फी, सुट्ट्या, बुडालेला तास, सोडायचं असेल तर महिनाभर आधी सूचना. तोच मुलगा शनिवारी रात्री झूमवर पुण्यातल्या बाईंकडे गाणं शिकतो. तिथे चार वर्षांत फीचा विषय काढायलाही तिला संकोच वाटतो. पियानोचा क्लास बदलला तेव्हा जुन्या शिक्षकाने नव्या शिक्षकाला फोन करून मुलगा कुठपर्यंत आला आहे ते सांगितलं. बाईंचा क्लास बदलायचा झाला तर काय म्हणायचं, हे तिने मलाच विचारलं.

मी तिला म्हटलं, सरळ फोन करा, कारण सांगा, राहिलेली फी द्या आणि मुलाला स्वतः बोलू द्या. पण हे तिच्या एकटीवर टाकणं पुरेसं नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षाकेंद्रं देशभर आहेत. परीक्षेच्या फॉर्मबरोबर शिक्षक आणि पालक दोघांच्या सहीचं एक पान द्यायला मंडळाला फार सायास पडू नयेत. त्यात फी आणि सुट्ट्या असाव्यात, सोडण्याची मुदत असावी, इतरांचं ऐकण्याचं आणि कार्यशाळा करण्याचं स्वातंत्र्य असावं, मुद्रणांचा वापर कसा करायचा ते असावं, आणि तक्रार कोणाकडे करायची ते असावं. विद्यार्थ्याच्या बाजूनेही एक ओळ हवी: आपला परिचय देताना आधीच्या प्रत्येक शिक्षकाचं नाव लिहीन.

ठाण्यातल्या एका तरुण शिक्षिकेने कोणाची वाट न पाहता आपल्यापुरती सुरुवात केली आहे. तिच्याकडे पाच वर्षं शिकलेला १४ वर्षांचा मुलगा या जूनमध्ये ग्वाल्हेर गायकीच्या एका बुवांकडे गेला. तो आईबरोबर येऊन सांगून गेला. तिने बुवांसाठी एक पानभर मजकूर लिहून त्याच्या हातात दिला: भूप, यमन, बिहाग, भीमपलास आणि वृंदावनी सारंग मध्यलयीत झाले आहेत, विलंबित फक्त यमनचं, तीनताल आणि एकताल हाताने बिनचूक धरतो, झपतालात समेला घाई करतो, मंद्रात आवाज अजून पातळ आहे, वाचून गाण्यापेक्षा ऐकून लवकर उचलतो, आवाज फुटायला लागला आहे, तेव्हा पट्टी इतक्यात पक्की करू नये आणि तारसप्तकाचा आग्रह वर्षभर तरी धरू नये.